न दिलेलं सोनं

आमच्या दुकानात रोज सकाळी पहिलं गिऱ्हाईक म्हणून जी बाई यायची, तिनं मी नोकरीला लागल्यापासून एक मणीसुद्धा विकत घेतला नाही.

शटर वर गेलं, देवापुढची उदबत्ती लागली की त्या आत यायच्या. पांढऱ्यावर बारीक किनारीचं सुती लुगडं, हातात काळी छत्री, कान मोकळे, गळा मोकळा, मनगटं मोकळी. कानाची भोकं मात्र मोठी होती, कधीकाळी त्यात काहीतरी जड असणार हे सांगणारी. सरळ नवरीच्या दागिन्यांच्या काउंटरवर येऊन बसायच्या आणि म्हणायच्या, "काढ गं, आज काय नवीन केलंय बघू."

मला पहिल्या दिवशीच मॅनेजरनं बजावलं होतं, "आत्तींना चहा द्यायचा. मागतील तो ट्रे दाखवायचा. वाद घालायचा नाही. मालकांच्या सख्ख्या आत्ती आहेत."

मालकांच्या म्हणून सगळ्या दुकानाच्याच आत्ती. दुकान चार पिढ्यांचं. सांगलीत पेठेत जुनी पेढी, मग त्याच जागी तीन मजली काचेचं शोरूम, मग कऱ्हाडला एक, कोल्हापूरला एक. वर जायच्या जिन्यावर भिंतभर इतिहास लावलेला. मालकांच्या पणजोबांपासून मालकांपर्यंत ओळीनं तसबिरी, गेलेल्यांना चंदनाचे हार, खाली पितळी पट्टीवर कर्तबगारी. गिऱ्हाईक जिन्याजवळ रेंगाळलं की आत्ती तसबिरीकडे छत्री रोखायच्या.

"हे आमचं आज्जा. खांद्यावर बोचकं टाकून बाजार केलं असं लिवलंय न्हवं? बोचकं आज्जीच्या डोक्यावर हुतं. आज्जा पुढनं काठी घिऊन चालायचं, कुत्री हाकलायला."

गिऱ्हाईक हसायचं. सेल्समन मान खाली घालून हसायचे. आत्ती हसायच्या नाहीत.

माझं माहेर रहिमतपूरचं. नवरा सैन्यात, तेव्हा आसामला होता. मी सांगलीत नोकरी धरली आणि राहायला जागा शोधत होते, तर आत्तींनी एके दिवशी ट्रेमधली मोहनमाळ गळ्याला लावून आरशात बघता बघताच विचारलं, "राहतीस कुठं?" मैत्रिणीकडे, म्हटलं. "माझी माडीवरली खोली रिकामी हाय. कांदा, लसूण, बटाटा घरात आणायचा न्हाई. कुलूप लावायचं न्हाई. पटलं तर ये."

कुलूप खरंच नव्हतं. पुढच्या दाराला साधी कडी, मागच्या दाराला तीही नाही. आत्ती म्हणायच्या, "ज्या घरात सोनं न्हाई त्याला कुलूप कशाला? कुलूप बघून तर चोर येतो."

घर जैनांचं, नेमानं चालणारं. पाणी गाळून उकळलेलं, जेवण सूर्य मावळायच्या आत. दुकानातून मी यायचे तोवर अंधार पडलेला असायचा, म्हणजे आत्तींचं खाणंपिणं बंद. पण माझं ताट झाकून ठेवलेलं असायचं आणि मी जेवताना त्या समोर बसायच्या. कधी मी बाहेर कांदाभजी खाऊन आले की लांबूनच त्यांना वास लागायचा. नाकाला पदर लावून म्हणायच्या, "काय गं, आज लोणंदावरनं आलीयास काय?"

मला वाटायचं, लोणंदचा कांद्याचा बाजार मोठा, म्हणून म्हणत असतील. मी नुसती हसायचे.

आत्तींची सगळ्यात वाईट खोड म्हणजे नवऱ्या मुलींना एक प्रश्न विचारणं. लग्नाचा बस्ता बांधून, सोनं घ्यायला माणसं यायची. वाळव्याकडची उसाची जमीनवाली, सासू, नणंदा, मामा, चुलते, मागं दोन गाड्या. मुलीच्या गळ्यात ठुशी, खाली बोरमाळ, हातात पाटल्या चढवल्या जायच्या आणि आत्ती बाजूच्या खुर्चीवरून हळूच विचारायच्या, "लय सुरेख दिसतंय. ह्याची चावी कुणाकडं राहणार गं?"

बहुतेक मुली लाजून सासूकडे बघायच्या. एक मात्र रडायलाच लागली. कशी थांबेना. सासू म्हणाली, "आवं, ही कोण म्हातारी? असलं अभद्र बोलायला बसवलीया काय तुमी?" सगळं वऱ्हाड उठून गेलं, समोरच्या दुकानात. मालक केबिनमधून खाली आले. ते कधी आवाज चढवत नसत, हळू बोलून माणसाला जास्त लागेल असं बोलत.

"आत्ती, आपलंच दुकान आहे ना हे?"

"हाय की."

"मग असं का करता?"

"मी काय वंगाळ इचारलं? चावी कुणाकडं राहणार, एवढंच. तुझ्या बायकोला इचार की जा, तिच्याकडं हाय का."

मालक वर गेले. आत्तींनी चहाचा दुसरा कप मागवला. मला हळूच म्हणाल्या, "सोनं बोलत न्हाई. म्हणून बाप्यांना लय आवडतं."

त्यांची हकिगत मला कळली ती एका दुपारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी. अंगणात सांडगे घालत होत्या. मीच विचारलं, तुम्ही लग्न का नाही केलंत. कुणीतरी विचारायची वाटच बघत असल्यासारख्या सांगायला लागल्या, हात न थांबवता.

लोणंदचं स्थळ होतं. त्यांच्यातलेच, कांद्याची आडत. मुलगा बघायला आला होता, बोलला फार नाही. आत्तींना शिवण येतं का, वाचता येतं का, हे सगळं बाकीच्यांनी विचारलं. जाताना त्यानं एकट्यानं विचारलं, "तुमाला तिकडं करमंल का? आमचं गाव लहान हाय." आत्ती म्हणाल्या, "आजवर मला दुसरं कुणी असलं इचारलं न्हाई. काय पायजे ते इचारत्यात. करमंल का, ते न्हाई."

सुपारी फुटली. दागिने घरच्या दुकानातच घडले. त्या काळात मणी ओवायचं, ठुशी गाठवायची कामं घरातल्या बायकाच करत. आत्तींचा हात त्यात सगळ्यात चांगला होता. स्वतःच्या लग्नाची ठुशी त्यांनी स्वतः गाठवली. मग सोन्यावर सरकारी बंधनं आली. कारागीर देशोधडीला लागले, पेढ्या बसल्या. वडील अंथरुणाला खिळलेले, दुकान थोरल्या भावाच्या, अण्णाच्या हातात, म्हणजे आत्ताच्या मालकांच्या वडिलांच्या. आत्ती आईबरोबर कुंभोजला बाहुबलीच्या दर्शनाला गेल्या होत्या. परत येऊन बघतात तर दागिन्यांची पेटी रिकामी.

"अण्णा म्हणाला, दुकान राहिलं तर घर राहील. तुला पुढं दुप्पट करून घालतो. मी म्हटलं, बरं. काय म्हणणार? मोडलेलं सोनं परत जुळतंय व्हय? आन मग म्हैन्याभरानं लोणंदचा निरोप आला. सोन्याबिगर मुलगी नको."

"निरोप आला?"

"अण्णानंच सांगितला. मान खाली घालून. मला त्याचीच दया आली बघ तवा."

त्यानंतर आत्ती माहेरीच राहिल्या. दुकान वाचलं. वाचलं, वाढलं, आणि ते वाढत असताना आत्ती माजघरात बसून त्याच्या ठुश्या गाठवत राहिल्या, नजर अधू होईपर्यंत. अण्णानं शब्द पाळला म्हणे. दुप्पट सोनं घडवून, ताटात घालून पाटावर आणून ठेवलं. आत्तींनी ते ताट त्याच्या अंगावर फेकलं आणि कानातल्या कुड्याही काढून त्यावर टाकल्या. तेव्हापासून अंगाला सोनं लावलं नाही. रोज दुकानात जाऊन घालून मात्र बघायचं, आणि काढून ठेवायचं.

"बरं झालं," सांडग्यांवर फडकं घालत त्या म्हणाल्या, "जन्म कांद्याच्या वासात गेला असता."

मग साताऱ्याचं शोरूम व्हायचं ठरलं आणि मालकांची थोरली मुलगी पुण्याहून जाहिरातीचं शिकून आली. तिला दुकानाचा वारसा दाखवणारी फिल्म करायची होती. तिला कुणीतरी आत्तींची हकिगत सांगितली असावी. ती कॅमेरावाली पोरं घेऊन आत्तींच्या घरी आली, पायाशी बसली आणि म्हणाली, "आजी, तू फक्त बोल. मनापासून. आम्ही काहीही बदलणार नाही."

आत्तींचा विश्वास बसला. मला आजही त्याचंच वाईट वाटतं. इतकी वर्षं कुणावर न ठेवलेला विश्वास त्यांनी त्या पोरीवर ठेवला, कारण ती बाई होती. दुपारभर बोलल्या. आज्जीचं बोचकं, माजघरातल्या ओवणाऱ्या बायका, कुंभोज, रिकामी पेटी, लोणंद. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. आत्तींनीच तिचे डोळे पुसले.

साताऱ्याच्या उद्घाटनाला आम्हा सगळ्यांना गाड्या करून नेलं. आत्तींना पहिल्या रांगेत खुर्ची, शेजारी मी, त्यांची काळजी घ्यायला. मोठा पडदा लागला. दिवे मंद झाले आणि पडद्यावर आत्तींचे हात आले, सुरकुतलेले, मोकळे. मग त्यांचे डोळे. मग ओठ हलताना. पण आवाज त्यांचा नव्हता. बासरी वाजत होती आणि कुणीतरी कमावलेल्या आवाजात सांगत होतं: काळ कठीण होता. दुकान बुडण्याच्या बेतात होतं. तेव्हा या घरच्या लेकीनं आपली लग्नाची पेटी उघडली आणि हसत हसत म्हणाली, अण्णा, आधी दुकान. तिचं लग्न मोडलं, पण आपला विश्वास मोडला नाही.

खाली सोनेरी अक्षरं आली: तिनं दिलं, म्हणून आम्ही आहोत.

टाळ्या थांबेनात. पाठीमागच्या रांगेतल्या बायका डोळे टिपत होत्या. आत्तींनी माझ्याकडे पाहिलं. "पेटी कुणी उघडली म्हणाला त्यो?"

मी काही बोलायच्या आत मालक खाली आले आणि हात धरून त्यांना स्टेजवर घेऊन गेले. आत्तींनी समोरचा माईक स्वतःच ओढून घेतला. स्वच्छ बोलल्या.

"मी दिलं न्हाई. मी घरात न्हवतेच तवा. मला न इचारता घेतलं."

मग मालकांनी हळूच माईक आपल्याकडे घेतला. त्यांचे डोळे भरले होते, आणि ते खोटे नव्हते, हेच मला अजून पचत नाही. म्हणाले, "हा आमच्या आत्तीचा मोठेपणा. आजसुद्धा ती श्रेय घेत नाही."

पुन्हा टाळ्या. या वेळी लोक उभे राहिले.

परतताना आत्ती खिडकीला डोकं टेकून बसल्या होत्या. उंब्रज गेलं, कऱ्हाड गेलं. मला वाटलं डोळा लागला. तर म्हणाल्या, "काय गं, मी मराठीतच बोलले न्हवं?"

ती फिल्म घराघरांतल्या मोबाईलवर गेली. अक्षय्य तृतीयेला दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. आणि बायका आत्तींच्या घरी यायला लागल्या, नव्या सुना घेऊन, पाया पडायला. आत्ती प्रत्येकीला सांगायच्या, "बाई गं, मी दिलं न्हाई, माझं नेलं." बायका हात जोडायच्या. बाहेर पडताना एकमेकींना म्हणायच्या, "बघा की, केवढं मन. थोर माणसं अशीच असत्यात."

चावीचा प्रश्न त्या अजून विचारायच्या. तोही दुकानानं उचलला. लॉकरच्या नव्या योजनेच्या फलकावर आत्तींचा फोटो आणि वर मोठ्या अक्षरांत: चावी तिच्याच हाती. त्या फलकाखाली उभ्या राहून आत्ती बराच वेळ वर बघत होत्या. मग छत्री उघडून, ऊन नसताना, घरी गेल्या.

त्यानंतरच्या थंडीत एक म्हातारे गृहस्थ आले. माझी सुट्टी होती, मीच दार उघडलं. धोतर, टोपी, हातात काठी. दाराशी गाडी, गाडीत मोबाईल बघत बसलेला नातू. मला वाटलं, आणखी एक पाया पडणारे. आत्ती तांदूळ निवडत बसल्या होत्या. ते समोरच्या खुर्चीवर बसले, घसा साफ केला.

"ओळखलंसा का?"

आत्तींनी निरखून पाहिलं. "न्हाई बा."

"लोणंद," ते म्हणाले.

आत्तींनी सूप खाली ठेवलं. पदर सावरला. मी आत जायला निघाले तर हातानंच मला थांबवलं.

"नातसुनेनं मोबाईलवर दावलं," म्हातारे म्हणाले. "तुमी सोनं दिलंसा म्हणून लगीन मोडलं, असं सांगत्यात त्यात. म्हटलं, मरायच्या आदी जाऊन सांगावं. आमी सोनं मागितलं न्हवतं."

"काय?"

"आमी सोन्याचं नावबी काडलं न्हवतं. दुकानं बसली म्हणून कानावर आल्तं, तवा वडील म्हणालं हुतं, नुसत्या नारळावर मुलगी आणू. तेच सांगायला निघालो हुतो, तर तुमचे बंधूच आले आमच्याकडं."

"अण्णा?"

"व्हय. म्हणाले, मुलगी न्हाई म्हणतीया. कांद्याच्या घरात न्हाई जायची म्हणून बसलीया. वडील म्हणाले, मनाइरुद्ध कशाला आणायची पोर. झालं. तितंच संपलं."

बाहेर नातवाच्या मोबाईलमधलं गाणं ऐकू येत होतं.

"मी असं म्हटलं न्हवतं," शेवटी आत्ती म्हणाल्या.

"आता कळलं की."

"मला सांगितलं, सोन्याबिगर मुलगी नको म्हणताय."

"कुणी सांगितलं?"

"त्यानंच."

म्हातारे काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून बसले. मला वाटलं, आता आत्ती रडतील, ओरडतील, भिंतीवरच्या अण्णांच्या फोटोवर सूप फेकतील. त्यांनी विचारलं, "लगीन केलंसा न्हवं?"

"केलं. चांगली हुती. गेली गेल्या साली."

"पोरं?"

"हायती. बरं चाललंय त्येंचं."

"बरं झालं." मग आत्तींनी खिडकीतून पश्चिमेकडे पाहिलं आणि एकदम उठल्या. "सूर्य हाय अजून. जेवून जावा."

भाकरी, मुगाची आमटी, सकाळची तोंडल्याची भाजी. पाट मांडायला वेळ नव्हता. तेही नेमाचेच. दोघं समोरासमोर बसून, खाली मान घालून, भराभरा जेवत होते, कारण ऊन भिंतीवरून वर सरकत चाललं होतं. आत्तींनी न विचारता त्यांच्या ताटात आमटी वाढली. त्यांनी न बोलता हात आडवा धरला, पुरे म्हणून. एवढंच.

गाडी गेल्यावर आत्ती ओट्यावर बसल्या. सूर्य मावळला होता, तोंडात पाणी घ्यायची वेळ टळली होती.

"सोन्यासाठी मोडलं असतं तर बरं हुतं गं," त्या म्हणाल्या. "इतकी वर्सं मी सोन्याला शिव्या दिल्या. त्याचा काय दोष न्हवता."

"मग त्यांनी असं का केलं, आत्ती? सोनं तर घेतलंच होतं."

त्यांनी आपले दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत म्हणाल्या, "कारागीर गेल्ते सगळे. ठुश्या कुणी गाठवायच्या? अण्णाला ह्ये पायजे हुते. सोनं काय, परत घडवता येतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर गेलं, उदबत्ती लागली, आणि नवरीच्या काउंटरपुढची खुर्ची रिकामी राहिली. त्यानंतर आत्ती दुकानात आल्या नाहीत. मालकांनी दोनदा गाडी पाठवली. त्या म्हणाल्या, "कुणाशी भांडायला येऊ? ज्येंच्याशी भांडायचं ती सगळी हार घालून बसल्याती."

हे लोणंदचं मी दुकानात कुणाला सांगितलं नाही. मालक वाईट माणूस नाहीत. ऐकून ते खरंच रडले असते, आणि दिवाळीला दुसरी फिल्म आली असती.

आत्ती पुढच्या पावसाळ्यानंतर गेल्या. आजारपण नव्हतं, खाणं कमी करत गेल्या. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर, पानभर, त्यांचा फिल्ममधला फोटो आला. कृष्णेकाठी सगळा स्टाफ एकसारख्या पांढऱ्या कपड्यांत, कारण तसा निरोप होता. फोटोग्राफर होते. चंदनाची लाकडं होती. गर्दीत पुढेच, काठीवर रेलून, धोतर-टोपीतले ते म्हातारे उभे होते. नातू त्यांचा दंड धरून.

मालक माझ्याजवळ आले. सुतकी, थकलेले. फोटोग्राफरनं त्यांना काहीतरी सांगितलं असावं.

"ते आजोबा कोण आहेत? सारखे मधे येतायत. जरा बाजूला घ्याल का त्यांना?"

"नाही घेता येणार," मी म्हटलं. "सोयरे आहेत."

"आपले?"

"आत्तींचे."

मालकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला दुःखानं भ्रम झाला आहे. "आत्तीला कुठले सोयरे?" ते म्हणाले.

तोवर म्हातारे नातवाचा हात सोडून एकटेच पुढे गेले होते. त्यांनी टोपी काढली, चंदनाचा एक तुकडा चितेवर ठेवला, आणि घरच्या माणसांच्या ओळीत जाऊन उभे राहिले.